एका सिस्टरमागे किती पेशंट?

वॉर्डची ड्युटी लिस्ट मी ११ वर्षं पेन्सिलीने केली. पेनाने केली असती तर आठवड्याच्या शेवटी त्या कागदावर वाचण्यासारखं काही उरलं नसतं. महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात मी स्टाफ नर्स म्हणून लागले आणि ३४ वर्षांनी इन्चार्ज सिस्टर म्हणून बाहेर पडले. शेवटची ११ वर्षं पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात गेली. शनिवारी दुपारी लिस्ट लागायची आणि सोमवारी पहाटे साडेपाचला फोन वाजायचा, "सिस्टर, पोराला रात्रभर ताप आहे, आज मला जमणार नाही." खोटं कुणी बोलत नसे. पण सकाळच्या रकान्यातलं एक नाव गळलं की संध्याकाळच्या मुलीला सकाळी बोलवायचं, रात्रपाळीच्या मुलीला दुपारपर्यंत थांबवायचं आणि बुधवारी जिचा ऑफ आहे तिचा ऑफ खोडायचा. साखरपुडे, भावाची हळद, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पोराच्या शाळेतलं स्नेहसंमेलन. त्या खोडरबराने मी काय काय खोडलं ते मला आजही नावांसकट आठवतं.

म्हणून नर्सेसच्या बर्नआऊटचा विषय निघाला आणि कुणी लगेच 'मन कणखर हवं' म्हणालं की माझ्याने गप्प बसवत नाही. हल्ली रुग्णालयांत या विषयावर कार्यशाळा होतात. योगासनं, दीर्घ श्वास, समुपदेशन. १२ मेचा परिचारिका दिन आला की प्रत्येकीच्या हातात एक गुलाब आणि भाषणात 'पांढऱ्या वेशातल्या देवी'. समुपदेशनाला माझा विरोध नाही, काही मुलींना त्याने खरंच आधार मिळालेला मी पाहिला आहे. पण मुलीला कार्यशाळेला पाठवायचं आणि त्यासाठी दुसरीचा ऑफ खोडायचा, हे मी स्वतःच्या हाताने केलं आहे. दुखणं त्या मुलीच्या मनात नव्हतं. ते माझ्या समोरच्या लिस्टमध्ये होतं.

जागतिक आरोग्य संघटनेनेही वेगळं सांगितलेलं नाही. २०१९ साली तिने रोगांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआऊटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. कामाच्या जागी सतत साचत गेलेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण, असं तिथे म्हटलं आहे. त्याची लक्षणं तीन: अंगातलं त्राण जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. यातलं पहिलं लक्षण सगळ्यांना कळतं. दुसऱ्याला आपल्याकडे 'सिस्टर फार खेकसतात' असं म्हणतात. तिसऱ्याबद्दल कुणी बोलतच नाही. माझ्या मते माणूस खरा मोडतो तो तिथेच.

एक रात्र सांगते. ऑगस्ट महिना होता. पावसाळ्यात मुंबईचे मेडिसिन वॉर्ड कसे असतात ते ज्यांचं माणूस तिथे होतं त्यांना सांगायला नको. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. खाटा ४०, पेशंट ६१. दोन खाटांच्या मध्ये गाद्या, पॅसेजमध्ये गाद्या, सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली. रात्री दोन सिस्टर. त्यातली एक सांगलीकडची, नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झालेली. सकाळी मी आले तेव्हा ती लिननच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडत होती. मला वाटलं, डॉक्टर बोलले असतील किंवा नातेवाईक अंगावर आले असतील. तसं काही नव्हतं. पक्षाघाताचे एक आजोबा आठ दिवसांपासून तिच्या बाजूला होते. पहाटे त्यांना पुसायला म्हणून तिने एका कुशीवर केलं तर माकडहाडापाशी हाताच्या तळव्याएवढा बेडसोअर. कातडी सोललेली, कडा काळ्या पडलेल्या. आणि चार्टवर दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, समोर तिची सही. तीन रात्रींच्या सह्या. "सिस्टर, मी सही केली, पण मी त्यांना हलवलंच नव्हतं. एकटीने ते हलत नाहीत, आणि दुसरं कोण होतं?"

मी तिला ओरडले नाही. ओरडायचा मला अधिकारच नव्हता, कारण तशा सह्या मीही केल्या होत्या. कूस बदलणं, पाठीला मालीश, चादरीची सुरकुती काढणं हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचे धडे. ते येत नाही अशी नर्स नसते. ३० जणांना एका हाताने इंजेक्शनं, अँटिबायोटिकच्या वेळा, ताप-नाडीच्या नोंदी, लघवीचं माप, दोन नव्या अॅडमिशन आणि मध्येच एकाचा श्वास लागलेला, एवढं झाल्यावर दर दोन तासांनी १२ माणसांची कूस बदलायला रात्र पुरत नाही. जे होत नाही ते कागदावर झालेलं दाखवावं लागतं, कारण कागद तपासला जातो. त्या मुलीने पुढे दीड वर्ष काम केलं. चुणचुणीत होती, हात हलका होता, लहान मुलाची शीरही पहिल्या टोचणीत मिळायची. जायच्या आधी मला म्हणाली, "सिस्टर, मला आता काहीच वाटत नाही. कुणी गेलं तरी नाही." तिला थांबवायला माझ्याकडे शब्द नव्हते. आज ती आयर्लंडमध्ये आहे.

अरुणा शानबाग यांची आठवण इथे होणारच. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्युटी संपवून कपडे बदलायला मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तळघरात गेलेल्या या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या किती पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही. अरुणांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांचं तोंड भरून कौतुक केलं. दरवर्षी भाषणांत याचा दाखला देतात आणि म्हणतात, बघा, सेवाभाव असला की सगळं होतं. मला तो दाखला उलटा वाचावासा वाटतो. एका रुग्णाला पुरेसे हात मिळाले की मुंबईची नर्स काय करू शकते ते तिथे दिसलं. माझ्या वॉर्डातल्या आजोबांच्या वाट्याला आलेल्या मुलीकडे सेवाभाव कमी नव्हता. तिच्याकडे हात दोनच होते.

आता हातांचा हिशेब. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात साध्या वॉर्डसाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका, आणि त्यावर रजांची सोय म्हणून ३० टक्के जादा पदं. लोक '१:३' वाचतात आणि चकित होतात, एवढं सुख! पण हा आकडा एकूण पदांचा आहे. तीन पाळ्यांत वाटला की एका पाळीला नऊ रुग्णांमागे एक जण उरते. म्हणजे निकष तंतोतंत पाळला तरी नऊ. त्या रात्री माझ्या वॉर्डात ३० होते.

आणि ते वरचे ३० टक्के म्हणजे चैन नव्हे. वर्षात ५२ तर आठवड्याच्या सुट्ट्याच होतात. त्यावर सणांच्या, किरकोळ, अर्जित, आजारपणाच्या रजा. बहुतांश तरुण बायकांचा हा पेशा, तेव्हा कुठल्याही वर्षी वॉर्डातली एक जण बाळंतपणाच्या रजेवर असणार हे कुणालाही आधी सांगता येतं. तरी दर वेळी ते अचानक कोसळलेलं संकट असल्यासारखं हाताळलं जातं. जागा रिकामी राहते आणि तिचं काम उरलेल्यांच्या अंगावर पडतं. मग त्या मुलीच गरोदर मैत्रिणीकडे वाकड्या नजरेने बघायला लागतात. वॉर्डातला आपलेपणा असा विरतो. तो गेला की बर्नआऊटला आणखी एक दार उघडतं, कारण वाईट रात्री माणसाला सावरून धरते ती शेजारच्या खाटेपाशी उभी असलेली सोबतीणच.

पेशंट वाढले की काय होतं हे मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. एका नर्सच्या वाट्याचा एक रुग्ण वाढला की तिला बर्नआऊट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. हे दोन आकडे एकाच अभ्यासात शेजारी शेजारी आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नर्सचं थकणं ही तिची घरगुती बाब असती तर दुसरा आकडा आलाच नसता. तिथले वाईटातले वाईट वॉर्डसुद्धा आमच्या चांगल्या रात्रीपेक्षा हलके होते.

माणसं वाढवायची नसतील तर निदान नर्सचं नसलेलं काम तरी तिच्याकडून काढा, असं मी वरिष्ठांना बरेचदा लिहून दिलं. सकाळची पाळी सुरू झाली की आम्ही पहिल्यांदा काय करायचो? चादरी मोजायचो. धोब्याकडे गेलेल्या किती, आलेल्या किती, फाटक्या किती. मग इंडेंट, म्हणजे लागणाऱ्या सामानाचं मागणीपत्र, मग डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे वॉर्डातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. रक्तपेढीला फोन, सीटी स्कॅनची तारीख मिळवायला फोन, वॉर्डबॉय मामा आला नाही म्हणून स्ट्रेचरला हात, आया मावशी रजेवर म्हणून बेडपॅन. आता कॉम्प्युटर आले तर वहीतलं तेच पुन्हा कॉम्प्युटरवर. निवृत्तीच्या आधीचा महिना मी पेशंटमध्ये घालवला नाही. कधीच भंगारात गेलेलं एक सक्शन मशीन आणि रजिस्टरला जास्त दिसणारी दोन स्टुलं यांचा माग काढण्यात तो गेला, कारण ते जुळल्याशिवाय माझे कागद पुढे सरकणार नव्हते. ३४ वर्षं शिकलेल्या हातांचा शेवटचा महिना असा गेला, याचं दुःख मला आजही आहे.

प्रवासाबद्दल थोडक्यात. माझ्या वॉर्डातल्या मुली बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, पनवेल इथून यायच्या, कारण रुग्णालयाच्या आसपास घर परवडत नाही आणि क्वार्टर सगळ्यांना पुरत नाहीत. रात्रपाळी करून सकाळी डाऊन लोकलला बसायला मिळतं एवढंच सुख. घरी पोहोचेपर्यंत अकरा. मग पाणी भरा, पोरांच्या शाळेचं बघा. झोप चार तासांची. पुन्हा संध्याकाळी निघायचं. खासगी रुग्णालयांत १२ तासांच्या पाळ्या आहेत आणि पुष्कळ मुली त्या स्वतःहून मागतात, कारण आठवड्यातला एखादा दिवस तरी लोकल चुकते. त्यांची निकड मला समजते. पण युरोपातल्या १२ देशांमधल्या ३० हजारांहून जास्त नर्सेसच्या पाहणीत १२ तासांच्या पाळीबरोबर बर्नआऊट वाढलेलं दिसलं आहे. प्रवासाचा जाच चुकवायला मुलीने स्वतःच्या शरीराने किंमत मोजायची, याला मी सोय म्हणणार नाही.

नातेवाइकांचा राग हा वेगळाच भाग. डॉक्टर राऊंड घेऊन निघून जातात, ओपीडीत जातात. वॉर्डात २४ तास समोर दिसते ती सिस्टर. "आमच्या पेशंटचं काय झालंय?" याचं उत्तर तिला ठाऊक असतं, पण निदान सांगायचा अधिकार तिला नाही. ती म्हणते, "डॉक्टरांना विचारा." ऐकणाऱ्याला ते उर्मट वाटतं. पेशंट दगावला तर पहिला हात उगारला जातो तो तिच्यावर. महाराष्ट्रात डॉक्टर-परिचारिकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा आहे. रात्री तीनला वॉर्डच्या दाराशी तो कायदा उभा नसतो. नशीब असेल तर एक सुरक्षारक्षक असतो. आमच्या वॉर्डात कपडे बदलायला शेवटपर्यंत लिननच्या खोलीचाच आडोसा होता. १९७३ च्या त्या संध्याकाळनंतर तरी मुंबईत ही गोष्ट कुणाला सांगावी लागू नये.

खासगीतल्या मुलींचं दुखणं पगाराचं. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला यासाठी तज्ज्ञ समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली की २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार असावा आणि ५० हून कमी खाटांच्या ठिकाणीसुद्धा महिना २० हजारांच्या खाली देऊ नये. इतक्या वर्षांनंतरही उपनगरांतल्या छोट्या नर्सिंग होममधल्या मुली मला जे पगार सांगतात ते ऐकून मान खाली जाते. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात असतात. सरकारीतही कायम पदाऐवजी कंत्राट आलं. २०२२ च्या मे महिन्यात राज्य सरकारच्या रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाहेरच्या कंपन्यांमार्फत भरती नको ही त्यांची मोठी मागणी होती. त्या दिवसांत चर्चा झाली ती किती ऑपरेशनं रखडली याची. कंत्राटावरची मुलगी जादा ड्युटीला नाही म्हणू शकत नाही, चुकीच्या ऑर्डरवर बोट ठेवू शकत नाही, ऑफ मागू शकत नाही. तोंड बंद ठेवून केलेलं काम दुप्पट थकवतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

माझ्या पिढीच्या सिस्टर म्हणतात, "आम्ही नाही का काढले दिवस?" मीही हे म्हटलं आहे, त्याच सांगलीच्या मुलीला, पहिल्याच महिन्यात. आज मला ते वाक्य परत घ्यायचं आहे. आम्ही दिवस काढले ते कसे, हे आमच्या गुडघ्यांना आणि घरच्यांना ठाऊक आहे. ज्या पेशंटकडे आम्ही त्या दिवसांत पोहोचू शकलो नाही त्यांच्याविषयी आम्ही बोलत नाही.

पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ पासून काही सरकारी रुग्णालयांत दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांमागे किमान एक नर्स असा नियम केला. पुढे तिथे हिशेब केला तेव्हा रुग्णांचं रुग्णालयातलं राहणं आणि पुन्हा भरती होणं कमी झाल्याने वाचलेला पैसा जादा नर्सेसच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त निघाला. आपल्याकडे एका बेडसोअरचा खर्च कुणी मांडतच नाही: ड्रेसिंग, अँटिबायोटिक, अडलेली खाट, घरच्यांचा बुडालेला रोज. मांडला तर भरती न करणं किती महाग पडतं ते दिसेल.

माझं मागणं मोठं नाही. रिकामी पदं कायम भरतीने भरा आणि रजांची ३० टक्के पदं खरोखरची ठेवा, कागदावरची नकोत. चादरी, स्टॉक आणि फोन यांना वॉर्डनिहाय कारकून द्या. लिस्ट महिनाभर आधी लागू दे आणि ती बदलायची तर बदलणाऱ्या वरिष्ठाने कारण लिहून सही करावी, इन्चार्जच्या खोडरबरावर सोडू नये. आणि जे आज विनाखर्च होऊ शकतं ते आधी करा: प्रत्येक पाळीला वॉर्डात किती पेशंट आणि किती सिस्टर, हे बाहेर लिहा. आत ६१ माणसं आणि दोन मुली आहेत हे दारात वाचून आलेला मुलगा आपल्या वडिलांसाठी भांडेल तेव्हा त्या मुलीशी भांडणार नाही. स्टेशनवर गाडी किती मिनिटांत येणार ते सांगायला आपण इंडिकेटर लावले. वॉर्डच्या दाराशी भेटीच्या वेळांचा बोर्ड आधीपासून आहे. त्याच्या खालच्या अंगाला दोन ओळींपुरती जागा असते.